रात्रीच्या धोबिणी, आंकू आणि एक मूळ पान: घ्यावं का?

निळी_शाई
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही. जरा दमानं घ्या.

मी सहा वर्षं रेनला राहते. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रात नाक खुपसून बसलेला जो भाग आहे, तो ब्रिटनी. रेन ही तिची राजधानी. गेल्या महिन्यात दुआर्नने नावाच्या बंदरगावी गेलो होतो. तिथे पुस्तकाच्या एका लहानशा दुकानात, मागच्या खोलीत, एका तरुण चित्रकर्तीच्या कॉमिक्सची मूळ पानं टांगली होती. इथे त्याला 'प्लांश' म्हणतात. छापील पानाच्या जवळजवळ दीडपट, जाड कागद, चिनी शाई, कडेला निळ्या पेन्सिलीच्या रेघा आणि समासात तिने स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना.

एका पानापाशी मी अर्धा तास उभी होते. विषय 'कानेरेझेद नोझ', म्हणजे रात्रीच्या धोबिणी. इथली जुनी गोष्ट आहे. रात्री ओढ्याकाठी काही बायका कफन धूत असतात. वाटसरू दिसला की हाक मारतात, "जरा पिळायला हात लाव." नाही म्हणायची सोय नाही. त्या ज्या दिशेनं पिळतील त्याच दिशेनं आपणही पिळायचं, म्हणजे कापड नुसतं फिरत राहतं आणि जीव वाचतो. उलट दिशेनं पिळलंत तर कापडाबरोबर तुमचे हातही पिळले जातात.

पानावर सहा चौकटी. छापील पुस्तकात ही रात्र गडद निळी आहे. मूळ पानावर निळा औषधालाही नाही! फक्त काळी शाई, आणि ओढ्याचं पाणी म्हणजे चक्क कोरा कागद. चौथ्या चौकटीत पांढऱ्या रंगाचा थर आहे आणि त्याखाली आधी काढलेले हात पुसट दिसतात. पुस्तकात ते दिसत नाहीत.

किंमत ४८० युरो. नवरा म्हणतो, "अख्खं पुस्तक २२ युरोला आहे, त्यात अशी साठ पानं आहेत, आणि ती रंगीत आहेत." त्याच्या गणितात चूक काढता येईना म्हणून इथे आले. घ्यावं का? आणि छापण्यासाठी केलेल्या पानाला 'चित्र' म्हणावं का?

खडूस_सदाशिव
नवऱ्याचं ऐका. धागा संपला.

चिंचपेटी
४८० युरो म्हणजे पन्नासेक हजार झाले की गं! एवढ्यात आमचा परीट पाच वर्षं कपडे नेईल, आणि तोही हात पिळणार नाही.

बोरू_आणि_दौत
निळी, तो निळा रंग कुठे गेला ते सांगतो. तीस वर्षं मासिकांसाठी चित्रं काढली, तेव्हा एवढा अधिकार आहे.

फ्रान्स-बेल्जियममध्ये बरीच वर्षं पद्धत अशी होती: चित्रकार काळ्या शाईत पान पूर्ण करायचा. त्याची फोटो-फिल्म निघायची. मग त्याच रेषा फिक्या निळ्या किंवा करड्या रंगात दुसऱ्या कागदावर छापून घ्यायच्या आणि त्यावर जलरंगात नाहीतर गोआशमध्ये, म्हणजे दाट, अपारदर्शक जलरंगात, रंग भरायचे. या कागदाला 'ब्ल्यू' म्हणायचे. छपाईत रंग या कागदावरून आणि काळी रेषा फिल्मवरून, अशी दोघांची गाठ पडायची. म्हणजे वाचकाच्या हातात आलेलं चित्र एका कागदावर असं कुठे नसायचंच. आता रंग बहुधा संगणकावर भरतात, त्यामुळे तो दुसरा कागदही गेला. तुझ्या चित्रकर्तीने तसंच केलं असणार.

दुसरी जात म्हणजे थेट कागदावर रंगवणारे. तुमच्याच ब्रिटनीचा, सँ-ब्रियोचा एमान्युएल लपाज बघ. त्याचं 'आर-मेन' (२०१७) आहे ना, एका दीपगृहावरचं, त्यात समुद्र जलरंगातच उसळतो. तिथे मूळ पान आणि छापील पान यांतला फरक वेगळाच, छापताना पाण्याचा ओलावा जातो.

'चित्र म्हणावं का' याचं उत्तर बाजारानं केव्हाच दिलंय. २०१४ साली पॅरिसच्या लिलावात बेल्जियन चित्रकार एर्जेच्या टिनटिन या कॉमिक्सचं दोन पानी मूळ चित्र २६.५ लाख युरोला गेलं. २०२१ मध्ये त्याच्याच 'ब्लू लोटस'साठी केलेल्या आणि नाकारल्या गेलेल्या मुखपृष्ठाला सुमारे ३२ लाख. छपाईला महाग पडेल म्हणून नाकारलं होतं म्हणे! ॲस्टेरिक्सवाल्या उदेर्झोनं मात्र २०११ मध्ये आपली १२० मूळ पानं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकली.

खडूस_सदाशिव
म्हणजे नाकारलेलं चित्र ३२ लाखांना. आमचे नाकारलेले लेख अजून कपाटात आहेत, कुणाला हवे असल्यास रद्दीच्या भावात.

मालवणी_खाजा
ह्या धोबिणी वाचून आमच्या साती आसरा आठवल्या. कोंडीवर दुपारी बारा वाजता जायचं नाही, गेलं तर मागं बघायचं नाही, कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. नियम सगळीकडे सारखेच. पण आमच्या आसरा कोणाला कामाला लावत नाहीत, हा फरक.

त्या आंकूबद्दल पण सांगा ना कोणीतरी, शीर्षकात आहे आणि धाग्यात नाही.

ओवी_धाकटी
मी सांगते, हा माझ्या आवडीचा प्रांत.

आंकू म्हणजे ब्रिटनीतला मृत्यूचा गडी. मृत्यू स्वतः नव्हे, त्याच्या हाताखालचा. गावात वर्षात जो शेवटचा मरतो तो पुढच्या वर्षासाठी त्या गावाचा आंकू होतो. म्हणजे दरवर्षी माणूस बदलतो, पद तेच! उंच, सडपातळ, डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात विळा. पण त्या विळ्याचं पातं उलटं, बाहेरच्या बाजूला धार. शेतकरी आपल्याकडे ओढून कापतो, हा पुढे ढकलून कापतो. त्याची गाडी असते आणि तिच्या चाकाला वंगण नसतं. रात्री ती करकर ऐकू आली की समजायचं, आसपास कोणाची तरी वेळ भरली.

यातलं बरंचसं आनातोल ल ब्राझनं गावोगाव फिरून गोळा केलं आणि १८९३ साली छापलं. आज कॉमिक्समध्ये जो आंकू दिसतो त्याची टोपी आणि विळा बहुतेक तिथूनच आलेत. पण ला रोश-मोरीस गावातल्या अस्थिगृहाच्या भिंतीवर १६३९ चा दगडी आंकू आहे, त्याच्या हातात विळा नाहीच, बाण आहे. शेजारी कोरलंय, 'मी तुम्हां सर्वांना मारतो.' टोपीबिपी काही नाही, सरळ हाडांचा सापळा.

म्हणून निळी, मला तुझ्या प्रश्नापेक्षा तुझ्या 'मूळ' या शब्दाचीच गंमत वाटते. पानाला मूळ आहे. गोष्टीला कुठलं मूळ?

मालवणी_खाजा
करकरणारी गाडी! आमच्याकडे वेताळ रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला देवळात चामड्याच्या वहाणा वाहतात. फिरून फिरून त्या झिजतात, मग नव्या द्यायच्या. आजी वहाणांचे झिजलेले तळ दाखवायची. तो राखणदार, हा न्यायला येणारा, पण दोघांना रात्रपाळी चुकली नाही.

फास्टफूड_फणस
वेताळ म्हटल्यावर मला तर कवटीच्या अंगठीवाला, घोड्यावर बसणारा इंद्रजाल कॉमिक्समधलाच आठवतो. चाळीस वर्षांत डोक्यातून जात नाही. मूळ वेताळ कोण हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

ओवी_धाकटी
@फास्टफूड_फणस, हेच तर म्हणतेय मी! एकदा चित्र झालं की तेच मूळ होऊन बसतं.

विंगेतला
माझा थोडा विरोध नोंदवतो. 'लोककथेवर आधारित कॉमिक्स' म्हटलं की मला आधी प्रश्न पडतो, कोणी काढलंय आणि कोणासाठी. ब्रिटनीच्या बाबतीत तर हा प्रश्न फार जुना. 'बेकासीन' माहीत आहे का? १९०५ मध्ये पॅरिसच्या मुलींच्या एका साप्ताहिकात आली. पॅरिसमध्ये घरकामाला आलेली भोळी ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीतली, पोरगी. चित्रकार पँशों. गोल चेहरा, दोन ठिपक्यांचे डोळे आणि तोंड जवळजवळ कधीच नाही. त्या काळी ब्रिटनीतल्या हजारो मुली पॅरिसला मोलकरणी म्हणून जात होत्या, त्यांना ही आपली टवाळी वाटली. शाळेत मुलगा ब्रेतों भाषा बोलला तर गळ्यात लाकडी जोडा अडकवत, असे ते दिवस. १९३९ मध्ये काही ब्रेतों कार्यकर्त्यांनी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयातला बेकासीनचा मेणाचा पुतळा फोडला.

तेव्हा 'वा, काय सुंदर शाई' म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

बोरू_आणि_दौत
मान्य. पण तोंड नसण्याबद्दल दुसरी बाजूही सांगतो. दोन ठिपके आणि एक नाक एवढ्यात भाव उभे करणं ही कमालीची कारागिरी आहे. त्यातूनच पुढची स्वच्छ, सारख्या जाडीची रेषा आली असं बरेच जाणकार मानतात. टवाळीसुद्धा हातानं चांगली काढता येते, हे चित्रकाराचं दुर्दैव.

निळी_शाई
@विंगेतला, प्रतिसाद आवडला. पण पुढे बाजू उलटली हेही सांगायला हवं. ब्रेतों चित्रकारांनी स्वतः हे विषय हातात घेतले. झां-क्लोद फुर्निए १९४३ चा, सँ-के-पोर्त्रिय गावचा. स्पिरू या गाजलेल्या कॉमिक्स-नायकाची मालिका त्याच्याकडे आली तेव्हा त्यानं स्पिरूला सरळ आपल्या मुलखात आणलं. 'आंकू' नावाचंच पुस्तक, १९७७. त्यात आंकू येतो तो मोन दारेच्या डोंगरात, आणि भांडण आहे अणुवीज केंद्राशी! मोन दारेत ब्रेनिलिसला खरोखरच अणुभट्टी होती, १९६७ ते १९८५ चालली. ती जिथे बांधली ती यऊन एलेझची दलदल म्हणजे जुन्या लोकांच्या मते नरकाचं दार. नरकाच्या दारात अणुभट्टी! एवढा आयता विषय समोर असताना तो सोडणार थोडाच?

वर ज्या लपाजचं नाव आलं तो तेरा वर्षांचा असताना याच फुर्निएकडे चित्रं घेऊन गेला होता. गुरू-शिष्य.

राजापूरकर_
अणुभट्टी म्हटल्यावर गप्प कसा बसू? जैतापूरला ज्या सहा अणुभट्ट्या आणायचं ठरलंय, एकूण ९९०० मेगावॉट, त्या फ्रेंचच. आणि ह्याच फ्रेंचांच्या ब्रिटनीत प्लोगोफ गावी अणुवीज प्रकल्पाविरुद्ध १९८० मध्ये लोकांनी आठवडेच्या आठवडे रस्ते अडवले, दगड मारले, आणि १९८१ मध्ये सरकारला प्रकल्प गुंडाळावा लागला. आमच्याकडे आंकू नाही, वेताळ आहे. त्याच्यावर कोणी कॉमिक काढणार का?

फास्टफूड_फणस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

व्यवस्थापक
जैतापूरसाठी आधीच तीन धागे आहेत. इथे भुतांपुरतंच बोला.

राजापूरकर_
भुतांबद्दलच बोलत होतो.

ओवी_धाकटी
ते प्लोगोफ जिथे आहे तिथून इस शहराचा उपसागर फार लांब नाही. केर-इस, समुद्राखाली गेलेलं शहर. ग्राद्लों राजा, त्याची मुलगी दाहूत, समुद्राच्या दाराची किल्ली. दाहूत किल्ली चोरते, दार उघडतं, शहर बुडतं. राजा घोड्यावरून पळतो, मुलगी पाठीशी बसलेली, आणि संत ग्वेनोले ओरडतो की तिला ढकलून दे. तो ढकलतो. कँपेरच्या चर्चच्या दोन मनोऱ्यांमध्ये हा राजा अजून घोड्यावर बसून आहे. ढकलली गेली तिचा पुतळा तिथे कुठे?

म्हणूनच मला ऑक्लेर आणि देशां यांचं 'ब्रान रूझ' (१९८१) हे कॉमिक आवडतं. ब्रान रूझ म्हणजे ब्रेतोंमध्ये तांबडा कावळा. तीच गोष्ट, पण दाहूतच्या बाजूनं, आणि सगळी काळ्या-पांढऱ्यात. काळ्या-पांढऱ्यात असल्यामुळे तिथे छापील पान आणि मूळ पान यांच्यात निदान तुझ्या त्या हरवलेल्या निळ्याचा तरी प्रश्न नाही.

खडूस_सदाशिव
'बाजू उलटून सांगितलेली' लोककथा ही लोककथा राहते का? मग ती लेखकाची कथा झाली.

ओवी_धाकटी
काका, हा वाद त्यांच्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून चालू आहे. १८३९ मध्ये ला व्हिलमार्के नावाच्या गृहस्थानं 'बार्झाझ ब्रेझ' हा ब्रेतों गाण्यांचा संग्रह छापला. पुढे लोकांनी, त्यात लुझेलसारखा दुसरा संग्राहकही होता, आरोप केला की यानं गाणी सुधारली, जुनी करून दाखवली, काही तर स्वतःच रचली. शंभर वर्षं त्याला लबाड ठरवून झालं. मग १९६४ मध्ये दोनातियें लोरां या अभ्यासकाला त्याच्या हस्तलिखित वह्या पाहायला मिळाल्या. निघालं काय, गाणी खरंच लोकांकडून ऐकलेली होती आणि त्यानं हातही फिरवलेला होता. दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या खऱ्या.

बोरू_आणि_दौत
म्हणजे वह्यांमध्ये पांढऱ्या रंगाखालचे हात दिसले म्हणायचे.

ओवी_धाकटी
अगदी!

चिंचपेटी
मला एक साधी शंका. कॉरिगान म्हणजे ते बुटके ना, दगडांखाली राहणारे? त्यांची नाचाची गोष्ट मुलाला वाचून दाखवली होती. गोल धरून 'सोमवार, मंगळवार, बुधवार' एवढंच गातात. एक कुबडा माणूस त्यात 'गुरुवार, शुक्रवार' जोडतो, गाणं पुढे गेलं म्हणून ते खूश होऊन त्याचं कुबड काढून टाकतात. मग दुसरा कुबडा हावरटासारखा जातो, त्याला गाण्याचा ठेका बिघडवल्याबद्दल पहिल्याचं कुबड जादा मिळतं. पोरगं तीन दिवस तेच गात होतं. पण ही कॉमिक्समध्ये काढणार कशी? गाणं काढता येतं?

बोरू_आणि_दौत
येतं, पण घाम निघतो. गोल नाच चौकोनी चौकटीत बसवणं हीच पहिली मारामारी. अक्षरं वर्तुळात फिरवावी लागतात, म्हणजे वाचणाऱ्याला पान फिरवावंसं वाटतं. पूर्वी अक्षरं वेगळ्या कागदावर लिहून पानावर चिकटवायचे. जुन्या मूळ पानांवर डिंकाचे पिवळे डाग दिसतात ते त्याचेच. विकत घेणारे नाक मुरडतात, मला उलट तेच बघायला आवडतं.

विंगेतला
निळीच्या प्रश्नाकडे वळतो. माझं मत: घेऊ नये. कारण पैसा नाही. पिंगुळीची चित्रकथी आठवा. ठाकर मंडळी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगतात. त्यातलं एक पान काढून कोणी दिवाणखान्यात लावलं तर चित्र राहील, पण त्या जागी गोष्टीला भोक पडेल. कॉमिक्सचं पान तसंच. पाचव्या पानाशिवाय सहावं मुकं.

बोरू_आणि_दौत
तुलना अर्धीच लागू पडते. चित्रकथीत मूळ पोथी हाच प्रयोग, दुसरी प्रत नाही. इथे गोष्ट हजारो प्रतींत शाबूत आहे, मूळ पान विकलं तरी एकाही वाचकाचं पान जात नाही. आणि चित्रकर्तीचं पोट? पुस्तकाच्या मानधनावर भागत नाही, कित्येक जण पानं विकूनच पुढच्या पुस्तकाचे महिने काढतात. पान विकलं तरी छापायचे हक्क तिच्याकडेच राहतात, तो कायदाच आहे. शिवाय पुढे कधी निळीनं ते लिलावात ७५० युरो किंवा जास्तला विकलं, तर फ्रान्समध्ये चित्रकर्तीला त्यातला वाटा मिळतो, ५० हजार युरोपर्यंत ४ टक्के.

विंगेतला
हा हक्काचा मुद्दा माहीत नव्हता. भोकाचं मत मात्र कायम.

मालवणी_खाजा
घेतलंच तर भारतात आणू नका. आमच्या घरी पावसाळ्यात भिंतीवरचा फोटोसुद्धा बुरशीनं दाढी वाढवतो, आणि वाळवी-कसर वेगळीच.

निळी_शाई
सगळ्यांना उत्तरं देते, जरा उशीर झाला. शनिवारी पुन्हा दुआर्ननेला गेले होते. नशिबानं चित्रकर्ती दुकानातच होती.

मी पहिला प्रश्न तोच विचारला, चौथ्या चौकटीतले पांढऱ्याखालचे हात. ती हसायलाच लागली. म्हणाली, पहिल्यांदा काढताना मी वाटसरूला समोरून दाखवला, धोबिणीला पाठीमागून, आणि दिशेचा गोंधळ झाला. पान वाळल्यावर आजीला दाखवलं. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं, तरी तिनं बोट ठेवलं, "हा उलटा पिळतोय. हा इथेच मेला. मग पुढच्या दोन चौकटींत चालतोय कोण?"

मग हिनं पांढरा रंग लावून हात पुन्हा काढले. तेवढ्यासाठी तिनं एक टॉवेल घेतला, बहिणीला समोर उभं केलं आणि तासभर दोघी पिळत बसल्या.

@खडूस_सदाशिव, माफ करा. पान घेतलं. चार हप्त्यांत देतेय. नवऱ्याला आजीची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "मग पुस्तकात आजी कुठे आहे?" आणि स्वतःच गप्प बसला.

आता प्रश्न एकच. लावू कुठे? झोपायच्या खोलीत नको, असं तो म्हणतो.

चिंचपेटी
वॉशिंग मशीनच्या वर. त्यांनाही जरा आराम.

बोरू_आणि_दौत
अजिबात नको! दमट हवा, वाफ, साबणाची फवार. चिनी शाई उन्हाला दाद देत नाही पण कागद पिवळा पडतो, आणि तो पांढरा रंग ओलाव्यानं सुटला तर जुने हात बाहेर येतील. उन्हाच्या समोरची भिंत सोडून कुठेही, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून.

खडूस_सदाशिव
जुने हात बाहेर आले तर तो वाटसरू मेला ना? मग वॉशिंग मशीन नकोच.

चिंचपेटी
काका, तुम्ही तर म्हणाला होता धागा संपला!